तळ्यातली आंबट जास्वंद

फूल पुन्हा कागदाला चिकटलं. सोडवायला गेले तर निम्मी पाकळी टीपकागदावर, निम्मी नखात. जास्वंदीच्या कुळात असा चिकट रस असतोच. पण मी तेव्हा हैदराबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची असिस्टंट होते, म्हणजे सगळं ठाऊक असल्यासारखी चालायचे.

निजामीतली शेवटची वर्षं. नायगावजवळच्या एका तळ्याच्या चिखलात ही रानजास्वंद होती. दुसरीकडे कुठेच आम्हाला सापडली नव्हती. फूल पिवळं, मधोमध काळसर डोळा. सकाळी उमलायचं, दुपारी मिटायचं. फुलाच्या हिरव्या पेल्याखाली बारीक पानांचा आणखी एक झगा, अन् त्या प्रत्येक पानाला टोकाशी फाटा.

प्रोफेसरसाहेबांनी निघतानाच सांगितलं होतं, "फळ आणि बी पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. ते आणा, तुमची नोकरी पक्की."

फळ धरायला अवकाश होता. गावात मी तानाबाईंकडे उतरले होते. त्यांना बजावलं, "गुरांनी तोंड लावता कामा नये."

"काळजी नका करू, बाई. शेळी बी फिरकायची न्हाई."

फिरकली नाही. तानाबाईंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपणच घातलं.

त्या साली पावसानं ओढ दिली. महालक्ष्म्या आल्या. जेवणात अंबाडीची भाजी झकास झाली होती. मी दोनदा मागून घेतली. वर ज्ञान पाजळलं, "अंबाडी म्हणजे जास्वंदीची बहीणच बरं का!"

"हाव की! म्हणून तर चालली," तानाबाई म्हणाल्या. "औंदा अंबाडी उगवलीच न्हाई. लक्ष्म्यांना तिच्याबिगर निवद कसा दावावा? तुमच्या झाडाचा पाला चाखून पाहिला, तसाच आंबट. गुरांना एक पान लागू दिलं न्हाई, बगा!"

खरकट्या हातानं तळ्याकडे पळाले. कुंपण शाबूत. आत नुसते बुडखे. शेंडा नाही, कळी नाही. एका हंगामाचं झाड. बी पडलं नाही की वंश संपला. मी चिखलात बसून रडले. मागून तानाबाई धापा टाकत आल्या.

"बाई, पोटात दुखून राहिलं का?"

हैदराबादेत साहेबांनी विचारलं, "नमुना?"

"खाल्ला, साहेब."

ते हसले नाहीत. नोकरी गेली. पुढच्या पावसाळ्यांत पदरमोड करून त्या तळ्यावर गेले. लव्हाळा होता, म्हशी होत्या; ते रोप काही दिसलं नाही. आजही त्याला नाव नाही. चव आठवते, पण चवीवरून जात ठरत नाही.

राखण सांगताना कुणाकुणापासून राखायचं, ते पुरतं सांगावं. मी गुरांचं सांगितलं. देवीचं राहिलं.