पाटासकट कप्पी

आमच्या बंदरावर भोंगा नाही. त्याची गरजच कधी पडली नाही, कारण माझे सासरे होते. होड्या किनाऱ्याला लागून मासळीचे वाटे वाळूवर पडले, की आमचे बाबा, वामन तांडेल, कमरेवर हात ठेवून लिलाव पुकारायचे. पापलेट काय भावाने गेलं हे पार कुंभवलीच्या कारखान्यात कळायचं, असं लोक सांगतात. मी त्याच कारखान्यात नोकरी करते आणि मला तरी कधी कळलं नाही, पण लोकांना कशाला नाराज करा!

बाबांचा एकच कायदा होता. वाट्यात पडलं ते वाट्याबरोबर गेलं. एकदा बोली चालू असताना त्यांचंच मनगटी घड्याळ पट्टा तुटून बोंबलांच्या वाट्यात पडलं. वाटा घेणारी बाई बिचारी घड्याळ पुसून परत देत होती, तर बाबा म्हणाले, "तुझं हाय आता. बोली झाली." अजूनही सासूबाई, म्हणजे आमच्या हंसाबाई, मुद्दाम विचारतात, "अवो, किती वाजले?" आणि बाबा निमूट सूर्याकडे बघतात.

मग गुडघे गेले, होडी विकली, लिलावाचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाबा घरी बसले आणि घराचं बंदर झालं. जेवताना सुरमईची शेवटची तुकडी कोणाची, याचासुद्धा लिलाव! माझा नवरा निमेश कामाला जाताना डबा घेऊन अक्षरशः पळायचा. शेवटी मीच बाबांना मोबाइलवर ऑनलाइन लिलाव दाखवला. माळ्यावर होडीचं जुनं सामान पडलेलंच होतं. पितळी कंदील, कप्प्या, जाळं विणायच्या सुया. पहिला कंदील थेट जपानला गेला, आणि बाबांना अंगात वारं भरल्यासारखं झालं.

त्यांना एकच गोष्ट खटकायची. हे परदेशातले लोक बोली लावतात, पण ओरडत नाहीत. मग त्यांच्या वतीने बाबाच ओरडायचे. मी फोन धरायची, आकडा वाचायची, आणि ते ओट्यावरून पुकारायचे.

परदेशी गिऱ्हाइकांचे प्रश्नही एकेक नग. ऑस्ट्रेलियातल्या एकाने विचारलं, तुमच्या घरात धूर किंवा पाळीव प्राणी नाहीत ना? बाबांनी लिहायला सांगितलं, "चूल हाय, मांजर बी हाय. पण कंदील दोघांच्या बी कामाचा नाय." त्याने ताबडतोब बोली वाढवली! एका जर्मन माणसाने बोली संपल्यावर घासाघीस सुरू केली, तेव्हा बाबांनी पाऊण तास भाषण दिलं. "बोली झाल्यावर भाव पाडणारा मानूस जर्मनीचा असो का सफाळ्याचा, त्याला सुकट बी देऊ नये." मी इंग्रजीत एवढंच लिहिलं, की माफ करा, जमणार नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने पाचच्या पाच तारे दिले. बाबा ते तारे बंदरावर जाऊन सांगायचे.

मग आली ती कप्पी. शिडाची जुनी, सागवानी, हातांनी गुळगुळीत झालेली. फोटो बाबांनीच काढला. जमिनीवर शोभत नाही म्हणून त्यांनी अंगणातला एक पाट ओढला, त्यावर कप्पी ठेवली आणि फोटो दाबला.

डेन्मार्कच्या बिर्गिट नावाच्या बाईंनी विचारलं, फोटोत दिसतं ते सगळं मिळणार का? कप्पीत दोरी ओवलेली होती. आम्हाला वाटलं, दोरीबद्दल विचारताहेत.

"कप्पी आणि दोरी, एवढंच देऊ, असं स्पष्ट लिहू का?" मी विचारलं.

बाबा भडकले. "बंदरावर असं कोन सांगतं? लिही, जे दिसतं ते सगळं. वामन तांडेलचा शब्द हाय."

मी लिहिलं.

रविवारी संध्याकाळी लिलाव संपायचा होता. सगळी आळी अंगणात जमली. बिर्गिटबाई आणि एक अमेरिकेवाला असे दोघं हट्टाला पेटले. आकडा चढतच होता. बाबांच्या अंगात दहा माणसांचा जोर.

"डेन्मार्कवाली बाय पुढं! अमेरिका, झोपला काय रं? उठ! आला, आला, अमेरिका आला! बाय, सोडू नको!"

शेजारची चंद्रकांता शिट्ट्या मारत होती. सासूबाई बोंबील साफ करता करता पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "एक वार! दोन वार! तीऽऽन वार!" बाबांनी हात हवेत फेकला आणि आम्ही सगळे नाचलो. मीसुद्धा, आणि मी कोणाच्या लग्नातही नाचत नाही.

नाच चालू असतानाच बिर्गिटबाईंचा निरोप आला. मी मराठी करून मोठ्याने वाचला. "मला फार आनंद झाला. तो सुंदर छोटा पाट माझ्या स्वयंपाकघरात राहील. त्याच्या तांब्याच्या खिळ्यांवर माझा जीव जडला आहे. आणि वर कप्पीसुद्धा दिलीत, त्याबद्दल आभार."

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या त्याच पाटावर बसल्या होत्या.

"माझा पाट?" त्या म्हणाल्या. "माझ्या बापाच्या होडीच्या फळीचा पाट? लग्नात त्यानं दुसरं काय बी दिलं नाय, ह्यो पाट दिला. ह्याच्यावर बसून मी जनम काढला. ती बाय ह्याच्यावर बसून काय करनार, बोंबील साफ करनार?"

बाबांनी पाटाकडे बघितलं. शब्द दिला होता. बोली झाली होती. वाट्यात पडलं होतं.

त्या दिवसापासून सासूबाई पाट काखेत घेऊन फिरायला लागल्या. बोईसरच्या बाजारात पाट. चंद्रकांताकडे हळदीकुंकवाला पाट. रिक्षावाल्याने विचारलं, "चाची, ये भी बैठेगा क्या?" तर म्हणाल्या, "हा. इसकाही तो नंबर पहला हाय." मला हसू आवरायचं नाही आणि वाईटही वाटायचं. कारण बाबा जेवत नव्हते. बिर्गिटबाई रोज गोड भाषेत विचारत होत्या, पार्सल निघालं का?

मी सुचवलं, सुताराकडून तसाच दुसरा पाट करून घेऊ, जरा घासून जुना करू. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शिळी मासळी ताजी म्हणून खपवायला सांगितली.

"पोरी, त्यापरीस मी पाट चोरीन," ते म्हणाले.

मग एका सकाळी सासूबाईंनी स्वतःच पाटाला खोबरेल लावलं, बाबांच्या जुन्या लुंगीत गुंडाळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुमचा शब्द हाय," त्या म्हणाल्या. "जा पालघरला, पोस्टात टाका. माझं काय, मी खाली बसीन."

आणि बसल्या, गार लादीवर. बोंबील साफ केले. उठायची वेळ आली तेव्हा मात्र उठवेना. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला, अर्ध्यावर आल्या आणि परत खाली बसल्या. मग स्वतःलाच हसल्या. "बघा, म्हातारी वाट्यात पडली. न्या आता, कोन नेतं ते!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी पाटाची लुंगी सोडली, तो आणून त्यांच्याजवळ ठेवला, हाताला धरून त्यांना त्यावर बसवलं. आणि मला म्हणाले, "रिद्धी, डेन्मार्कला फोन लाव. तोंड दिसतं तसला."

बिर्गिटबाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, चष्मा, हातात कॉफी. बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि बंदरावरचा सगळा आवाज काढून ओरडले, "बाय! लिलाव मोडला!"

त्यांची कॉफी सांडली. मी घाईघाईने इंग्रजी केलं. का मोडला, त्यांनी विचारलं. लेखी शब्द दिला होता ना?

"दिलेला," बाबा म्हणाले. "उभ्या जन्मात मोडला नवता, आज मोडला. पाट माझ्या बायकोचा हाय. ती खाली बसली तर मला घरात बसवत नाय. तुझं पैसं परत. कप्पी फुकट ने. शिव्या द्यायच्या तर दे, मी हितंच उभा हाय."

मी हे सगळं सांगितलं. माझं इंग्रजी नेहमीपेक्षा वाईट झालं. बिर्गिटबाई काही हसल्या नाहीत. कप्पी नको म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचं तरी काय चुकलं!

दोन दिवसांनी आमच्या खात्यावर त्यांचा शेरा आला. पाचपैकी एक तारा. मी कपाळाला हात लावला. बाबा ओट्यावर मान खाली घालून बसले. सासूबाई पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या.

"वाच," बाबा म्हणाले. "काय लिवलंय ते ऐकायला पायजे."

मी मराठी करत वाचलं. "हा विक्रेता शब्द पाळत नाही. त्याला गिऱ्हाइकापेक्षा स्वतःची बायको जास्त प्रिय आहे. खरेदीदारांनी सावध राहावे."

बाबांचे कान लाल झाले. सासूबाईंच्या हातातली कोलंबी हातातच राहिली.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"आता जरा मोठ्यानं," सासूबाई पाटावर ताठ होत म्हणाल्या. "चंद्रकांताला ऐकू गेलं पायजे."