विल्माचं गॅरेज आणि शेजारचा गॉर्डन

विल्मा स्टट्झमन आमच्या समोर राहायची. ओहायोतल्या आमच्या गावात तिने उभा जन्म लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर धुक्याची मशिनं, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीनला, भुताखेतांच्या सणाला, अंगणात धुकं सोडणारी. सप्टेंबर लागला की लोक आपापलं मशीन काखेत मारून तिच्या गॅरेजात हजर. तक्रार एकच: पंप घुरघुरतो, धुकं येत नाही.

"गेल्या वर्षीचं धुक्याचं पाणी आतच ठेवलंस ना?" विल्मा विचारायची.

 ते गोडसर पाणी वर्षभरात आत चिकटून बसतं. विल्मा व्हिनेगरने नळ्या धुवायची, तोंडाशी बारीक तार फिरवायची.

तिच्या शेजारी गॉर्डन हुबर. विम्याच्या कचेरीतून निवृत्त, एकटा, जरा कडू माणूस. वारा असा की सगळ्या गल्लीचं धुकं त्याच्याच ओसरीवर. एका वर्षी तर त्याने अग्निशमन दलाला फोन केला होता.

त्या ऑक्टोबरात विल्मा शिडीवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. गॅरेजात मशिनं उघडी पडलेली. गॉर्डन दारात येऊन उभा राहिला.

"यंदा धुकं नाही म्हणे."

"बरं वाटलं असेल तुला."

"वाटलं," तो म्हणाला. पण गेला नाही. टेबलावर विखुरलेले स्क्रू त्याला बघवेनात. लहान-मोठे निवडून तो ते वाट्यांत भरू लागला.

"आलाच आहेस तर ते झाकण काढ."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"मला कळतं. हात तुझे, तोंड माझं."

"तोंडाची कमी तुला कधीच नव्हती, विल्मा."

दुसऱ्या दिवशी तो ॲप्रन बांधूनच आला. आठवडाभर आम्हाला रस्त्यापलीकडे दोघांची वादावादी ऐकू यायची. मग एका दुपारी गॉर्डनने टाकीत पाणी न भरताच बटण दाबलं. कोरडा पंप करकरला आणि बंद पडला. मशीन कोपऱ्यावरच्या मेल्विन यॉस्टचं होतं.

"मी सांगते त्याला. जुनंच होतं," विल्मा म्हणाली.

"नको. मी बिघडवलंय." तो एकटाच मशीन घेऊन मेल्विनकडे गेला.

मेल्विनने ते पुढच्या वर्षी आम्हाला सांगितलं. "दारात उभा राहून माफी मागत होता बिचारा. मला वाटलं, तक्रार करायला आलाय. मीच घाबरलो होतो." त्याने गॉर्डनला आत बोलावून सफरचंदाचा गरम रस पाजला. या गल्लीत इतक्या वर्षांत गॉर्डन पहिल्यांदाच कुणाच्या घरात बसला असेल.

हॅलोवीनला मेल्विनचं अंगण सोडून सगळीकडे धुकं झालं. ते नेहमीसारखं गॉर्डनच्या ओसरीवर गेलं. त्याने खिडक्या लावून घेतल्या, पण दारोदार फिरणाऱ्या पोरांसाठी दारात चॉकलेटांचं पातेलं ठेवलं होतं.

विल्माचं मनगट जुळलं, पण पकड आली नाही. पाना हातातून सुटायचा. यापुढे मशिनं दुरुस्तीला घ्यायची की नाही, या विचारात ती पडली. पुढचा सप्टेंबर उजाडला तेव्हा गॉर्डन मेल्विनसाठी नवा पंप घेऊन तिच्या गॅरेजात आला.

"हा कसा बसवायचा ते सांग," तो म्हणाला. "आणि आज ओरडायचं नाही."

"बघते," विल्मा म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.