भाऊ म्हणाला, पानं वाढल्यात

मंडळी, आजचीच गोष्ट लिहितोय.

माझ्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे. जेवायच्या थोडं आधी त्याचं बटण दाबायचं असतं. एकदा दाबलं की वेळेवर जेवलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते.

आज उंब्रजला धाकट्या भावाच्या, तानाजीच्या, नव्या घराची वास्तुशांती होती. मी पहिल्यापासून घाबरट. तानाजीला पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की वाढलंय का रं?"

"आवं दादा, पानं वाढल्यात. दाबा बिनघोर."

दाबलं आणि पंगतीत जाऊन बसलो. समोर पान कोरडं! गावचे पुढारी आल्याशिवाय वाढायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं. तानाजीनंच ठरवलं होतं, हे मला पंगतीत बसल्यावर कळलं.

थोड्या वेळानं घाम फुटला. साखर उतरली म्हणून पंप वाजायला लागला. शेजारचा म्हणाला, "आबा, मोबाईल बंद करा की!" मी भात मागितला, तर तानाजी कानाशी वाकला. "जरा दम धरा. चार लोकांत लाज आणू नका."

शेवटी धडपडत उठलो आणि देवापुढचे पेढे तोंडात कोंबले.

"शुगरवाला बघा, लय पेढे हाणतोय!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तानाजीपण हसला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. साखर किती झाली, हे विचारलं नाही. "साहेब यायच्या टायमाला आसं कराय नको हुतं," एवढंच म्हणाला.

मंडळी, सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा पहिला घास हातात आल्याशिवाय बटण दाबायचं नाही का आता?