गाडी बघायला आलेला माणूस

बेल्हे गावातल्या गॅरेजात आमची चेपलेली गाडी पडून होती आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर ती पुन्हापुन्हा बघायला यायचा. अपघात झाला तेव्हा गाडी माझी बायको चालवत होती. तिच्याकडे लायसन्स होतं, चूक समोरच्या टेम्पोची होती, तरी हा बारीक अंगाचा माणूस दिसला की मी कागदांची फाइल पुन्हा चाळायला लागायचो. हात पाठीमागे बांधून तो गाडीभोवती फिरायचा.

"साहेब, टोटल लॉस धरणार ना? गाडीची पूर्ण रक्कम मिळेल ना?"

"बघू राव."

शेवटच्या खेपेला ड्रायव्हरच्या बाजूचं वाकडं दार ओढून तो कसाबसा आत बसला. सीटचा पट्टा ताणत एकदम म्हणाला, "वहिनींच्या कंच्या खांद्याला लागलंय?"

ही विचारपूस की तपासणी, मला कळेना. "उजव्या," मी म्हणालो.

"ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरनंच येतो. म्हंजे त्याच चालवत व्हत्या." त्यानं पट्टा हळूच सोडला. बाहेर येऊन म्हणाला, "टोटल लॉसच लिवतो. पण भाऊ, तुमी हितं बसून बघितलं का?"

मी नव्हतं बघितलं. तो गेल्यावर मी आत शिरून बायकोच्या जागी बसलो. धडकेनं आत ढकललं गेलेलं स्टिअरिंग माझ्या छातीला टेकलं.