उसनं मलम आणि मैयाचं पाणी

आमच्या घरात पद्धत आहे. लेकरू आपला पहिला घास घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या मांडीवर बसून खातं. माझा मुलगा माझ्या बापाच्या मांडीवर बसला, नात माझ्या. आता नातीला मुलगा झाला, आणि ती त्याला घेऊन चेरीतालच्या आमच्या घरी आली, तेव्हा मांडी माझीच होती. त्यात विचारायचं काय?

पण नातीनं माझा हात धरून उजेडाकडे वळवला.

"नाना, हे काय?"

कोपराच्या आत बांगडीएवढा लाल गोल चट्टा होता. कमरेला, मांड्यांना तर कधीचाच पसरला होता, पण ते मी कोणाला बोललो नव्हतो.

"गजकर्ण आहे. मलम लावून राहिलो ना मी."

"हे जाईपर्यंत बाळाला घ्यायचं नाही. उष्टावणाला पण नाही."

"मग कोणाच्या मांडीवर बसवशील?"

"त्याच्या तिकडच्या आजोबांच्या."

माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, मुलाच्या व्याह्याची मांडी! मी जेवलो नाही त्या दुपारी.

मलम काही असंतसं नव्हतं. रोज सकाळी मी ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारायला जातो. तिथं आम्हा म्हाताऱ्यांची टोळी आहे. एकाला डॉक्टरनं दिलेली ट्यूब आम्ही प्रसादासारखी वाटून घेतो. मीही लावली, आणि दोन दिवसांत खाज गायब. मग तीच ट्यूब मी कांचघर मोहल्ल्यातल्या औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीबिठ्ठी न दाखवता, आणत गेलो. लावली की थंड, सोडली की दुप्पट. मी समजलो, रोगच हट्टी आहे. हट्टाला हट्ट माझ्याकडेही होता, आणखी जाड थर लावायचो.

नात मला चामडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. पोरसवदा बाई. ट्यूब उलटीपालटी करून म्हणाली, "बाबूजी, ये किसने दी?"

"दोस्त ने."

"उन्हें क्या हुआ था?"

"खाज."

"खाज तो मुझे भी होती है. मेरी वाली भी ले जाइए!"

नात हसली. मला राग आला, पण बाईनं पुढं सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. ह्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्या माणसाच्या आजाराला ते योग्य असेल, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे दिवस. गजकर्णावर लावलं की वरची खाज दबते आणि खाली बुरशी आरामात पसरते. चामडी पातळ होते ती वेगळीच. माझ्या मांडीवरच्या लांब रेषा तिनं दाखवल्या, "ये शायद पूरे नहीं जाएँगे."

ट्यूब बंद झाली. दुसरं मलम, सोबत गोळ्या. कोरड्या चामडीवर पातळ लावायचं, चट्ट्याच्या थोडं बाहेरपर्यंत, आणि डाग दिसेनासा झाला तरी ती सांगेपर्यंत लावणं थांबवायचं नाही. जुनी बंद केल्यावर आग होईल, तेव्हा फोन करायचा, ट्यूब उघडायची नाही.

शेवटी तिनं विचारलं, "नहाकर पोंछते कैसे हैं?"

"पुसत नाही. मैयाचं पाणी अंगावरच सुकू द्यायचं असतं." बापानं शिकवलेलं. ओल्या पंच्यावरच मी ऑटोत बसून घरी येतो. ऑटोवाला रोज कुरकुरतो, मी ऐकत नाही.

"मैया को मत पोंछिए बाबूजी, अपनी कमर पोंछिए."

मी उठून बाहेर आलो. चौथीपर्यंतच शिकलेला माणूस आहे मी, पण बापाच्या शब्दावर कालची पोर बोट ठेवेल, हे सोसेना.

मग आग सुरू झाली. अंग असं पेटलं की कपडा नको वाटे. जुनी ट्यूब फळीवर, डोळ्यांसमोर. सून म्हणाली, "फेकून देऊ का, बाबा?" मी म्हटलं, "राहू दे तिथंच. तिच्याकडे बघून न उघडायचं, तर खरं." डॉक्टरणीला फोन लावला. तिनं आगीवर गोळी सांगितली, थंड पाण्याची घडी सांगितली, ठेवून मग नीट कोरडं करायला सांगितलं. तिनं सांगितलं तेवढंच केलं.

आणि एका सकाळी घाटावर मी पिशवीतून कोरडा पंचा काढला. कमर पुसली, जांघा पुसल्या, सुकं धोतर नेसलो. सगळे बघतच राहिले.

"क्यों कक्का, मैया से नाराज़ी?"

"मैया से नहीं. तुम्हारी ट्यूब से."

कपडे वेगळे धुणं, उन्हात कडक वाळवणं, सगळं मी स्वतः केलं. सुनेला हात लावू दिला नाही. उष्टावण जवळ आलं तेव्हा डॉक्टरणीनं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "अब बच्चे को गोद में लीजिए."

तरी नात म्हणालीच, "दाखवा." मी बाही वर करून हात पुढं केला. तिनं उलटा केला, सुलटा केला, आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. धोतराखाली त्या रेषा आहेतच, राहतील. व्याही समोर पाटावर बसले होते.

मी खिरीचं बोट बाळाच्या ओठाला लावलं. त्यानं तोंड वेडंवाकडं करून थुंकलं. सगळे हसले.

मी बोट पुन्हा वाटीत बुडवलं.