चिल्लर बोली

"तोंड उघड," देशमुख म्हणाला.

मी उघडलं. त्याने काठीचं टोक माझ्या जिभेवर ठेवलं, खालचा ओठ बाजूला सारला आणि दात पाहिले. बाजारात मेंढ्याचे पाहतात तसे. मग बाजेवर बसलेल्या जमीनवाल्यांकडे वळून सांगितलं, "जुळला हाय. अवंदा भरात हाय." सगळे हसले. तोंड मिट असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून मी ते उघडंच ठेवलं. लाळ हनुवटीवरून छातीवर गळत होती. मी बावीस वर्षांचा बाप्या होतो. घरी बायको होती, पाळण्यात लेकरू होतं.

जुळला म्हणजे ज्याचे सगळे दात आले असा मेंढा. त्याआधी दुदाती, मग चौसा. माणसाला हे शब्द कुणी लावत नाही. आम्हाला लावायचे.

मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले दिवस होते. आमचं गाव सेनगावहून साखऱ्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, तिथे अजून माझी माणसं आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, देशमुखाच्या गढीमागच्या पडीक रानात मेंढ्यांच्या टकरी व्हायच्या. आसपासचे जमीनवाले यायचे, हिंगोलीचा एक अडत्या यायचा, पैजा लागायच्या. आणि मेंढे सोडण्याआधी महारवाड्यातली दोन माणसं सोडायचे. हात मोकळा व्हावा म्हणून. पैज लावणाऱ्यांचा हात, आमचा नव्हे. पोळ्याला बैलाच्या पायात घातलेला पितळी तोडा काढून आमच्या उजव्या मनगटात अडकवायचे, कारण माणसाला शिंग नसतं. जो नाही म्हणेल त्याच्या घरची भाकर बंद. गावकीची सगळी घाण उपसून दारोदार जी मिळायची ती भाकर.

टकरीचे शब्द मी चाँदभाईकडून शिकलो. चाँदभाई देशमुखाचे मेंढे राखायचा आणि मी त्याच्या हाताखाली गवत कापायचो. लढणारी दोन जनावरं म्हणजे जोड. जनावराच्या बाजूने पैसा टाकला तर लावला, विरुद्ध टाकला तर खाल्ला. टक्कर झाल्यावर मेंढ्याने पाठ केली की तो फिरला, म्हणजे हरला. पण पहिली टक्कर होण्याआधीच फिरला, तर सगळ्या पैजा मोडल्या. मग लोक मेंढ्याला हसत नसत, मालकाला हसत. वर्षभर हसत. आणि हारजीत सोडून बारीकसारीक गोष्टींवर जी पैज लागायची ती चिल्लर बोली. पहिलं रक्त कुणाचं. शिंग मोडेल का. दात पडेल का.

मला हे शब्द आवडायचे. खोटं कशाला बोलू. तीन वर्षं मी कुणापुढे फिरलो नव्हतो. "या महाराचा आज काय भाव?" असं कुणी विचारलं की माझी छाती फुगायची. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

आदल्या वर्षीच्या करीला माझ्या जोडीचा माणूस तापाने पडला. माझी थोरली बहीण, आक्का, डोंगरकड्याला दिलेली. ती आणि तिचा नवरा सणाला आमच्याकडे आले होते. दाजी दगड फोडायचे. देशमुखाच्या कारभाऱ्याने त्यांचे खांदे पाहिले आणि जोड जमवून टाकली. पाहुणा आहे, सोडा, असं माझा बाप पाया पडून म्हणाला. कारभाऱ्याने त्याला लाथेने बाजूला केलं.

जाताना मी आणि दाजींनी ठरवलं, छाती-खांद्यावरच मारायचं. पण रक्त निघेना. चिल्लर बोली अडकून पडली. देशमुखाने हात वर केला आणि दोन गडी मागून आमच्या पाठीवर कोरडे ओढायला लागले. माझं डोकं भडकलं. समोर दाजी आहेत हे मी विसरलो असं म्हणालो तर लोक मानतील. पण मी विसरलो नव्हतो. मला जिंकायचं होतं. तोडा त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा फुटून गालावर आला. दाजी गुडघ्यावर बसले, चाचपत म्हणाले, "काय झालं रं गड्या?" आणि मग ओरडले.

बाजेवर आनंदीआनंद. कुणीतरी डोळ्यावर चिल्लर बोली लावली होती. देशमुखाने लांबूनच माझ्याकडे फेटा फेकला. मी तो झेलला. मला बरं वाटलं.

घरी आक्का दाजींच्या डोळ्याच्या खोबणीत हळद दाबत होती. दाजी गुरासारखे हंबरत होते. मी दारात फेटा घेऊन उभा. म्हणालो, "फिरले ते. मी काय करू?"

आक्का उठली. चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि माझ्या खांद्यावर हाणलं.

"माणूस हाय त्यो. माह्या लेकरायचा बाप हाय. मेंढ्याचे शब्द घरात बोलून राहिला व्हय? जाय मंग, त्यायच्याच गोठ्यात नीज."

कातडी जळल्याचा वास घरभर झाला. मी हललो नाही. ती खरं बोलत होती, आणि ते मला खांद्यापेक्षा जास्त लागलं. फेटा मी त्याच चुलीत घातला. नंतर वर्षभर चाँदभाई टकरीच्या गोष्टी सांगायला लागला की मी विळा उचलून गवताकडे निघायचो. तो म्हणायचा, "क्या हुआ रे, तकलीफ है क्या?"

तर आता हे दुसरं वर्ष. माझे दात पाहून झाले होते. देशमुखाच्या माणसांनी दाजींना डोंगरकड्याहून बैलगाडीत घालून आणलं होतं. एका डोळ्याचा माणूस आणि तो डोळा फोडणारा, हीच जोड सगळ्यांना हवी होती. अडत्या आणि देशमुख माझ्यासमोरच बोलत होते. जनावरासमोर कोण आवाज खाली करतं?

अडत्या म्हणाला, "दुसरा डोळा जाईल, त्यावर एकाला पाच देतो. लावता?"

"लावतो," देशमुख म्हणाला. "याचा हात बराबर तिथंच बसतो."

मला एकेक शब्द कळत होता. दाजी एका डोळ्यावर अजून दगड फोडत होते. आक्काची तीन लेकरं त्यावर जगत होती. तो डोळा गेला की माझी बहीण दारोदार फिरणार, आणि तो डोळा म्हणजे यांची चिल्लर.

आम्हाला रिंगणात सोडलं. दाजींनी एक हात उजव्या डोळ्यावर धरला होता. मारायला नाही, झाकायला. माझ्याकडे बोटांच्या फटीतून पाहत होते. माझी वाट पाहत होते.

मी तोडा काढून मातीत टाकला. दाजींकडे पाठ केली, देशमुखाकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी फिरलो."

टक्कर झाली नव्हती. पैजा मोडल्या. आधी अडत्या हसला. मग बाकीचे. देशमुखाकडे पाहून हसले.

मग कोरडे सुरू झाले. तोंड कर त्याच्याकडे, तोंड कर, असं कारभारी ओरडत होता. मी केलं नाही. पाठीची सालटी निघत होती, मुतलोही असेन. पण पाठ तशीच ठेवली. तेवढ्यात माझ्या पाठीला दुसरी पाठ टेकली. दाजीही फिरले होते. त्यांच्या पाठीवरही कोरडे पडत होते. आमचं रक्त एकमेकांना लागत होतं.

देशमुख बाजेवरून उतरला. चालत दाजींसमोर गेला आणि काठीचं टोक त्यांच्या डोळ्यावर रोखलं. म्हणाला, "तुमी फिरा नाहीतर मरा. माझी बोली मोडत न्हाई."

मी वळलो. काठी धरली, हिसकली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. दुसरी कानशिलावर. तो पडताना मी त्याला छातीवर हाताने ढकललं. त्याबरोबर बाजेवरून कुणीतरी किंचाळलं, "शिवला!" मारलं म्हणून नव्हे. शिवलो म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो. आम्हाला मेलेलं समजूनच सोडलं. त्याआधी माझा उजवा हात दगडावर ठेवून मुसळाने चार बोटं ठेचली. महारवाड्यातली सहा घरं पेटवली. सगळ्या वाड्याची भाकर बंद झाली. आमचेच म्हातारे माझ्या नावाने खडे फोडत गढीवर जोहार घालायला गेले. दाजींनी मला खांद्यावर टाकून साखऱ्यापर्यंत नेलं. वाट त्यांना दिसत होती.

पुढच्या पोळ्याच्या आधी आठ दिवस कारभारी पुन्हा वाड्यात आला. जोड मागायला. नवी जोड, दोन सख्खे भाऊ. मी तोवर साखऱ्याहून परत आलो होतो आणि डाव्या हाताने कुऱ्हाड धरायला शिकलो होतो. दोन्ही भाऊ माझ्या मागे उभे होते, आणि त्यांच्या मागे वाड्यातले बाकीचे. म्हातारे नव्हते. मी कारभाऱ्याला एवढंच बोललो.

"मालकाला सांग. हितून माणूस न्यायला जो येईल, त्यो हितंच ऱ्हाईल. आदी सांगून ठिवतो."

तो माझ्या ठेचलेल्या हाताकडे पाहून हसला. मग कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि गेला.

त्या वर्षी आमच्यातलं कुणी रिंगणात गेलं नाही. त्यासाठी आणखी दोन घरं जळली आणि त्या दोघांतल्या धाकट्या भावाचा पाय मोडला. मी पश्चात्ताप करत नाही. उलट एकच चुटपुट आहे, पहिल्या वर्षीच हे केलं असतं तर दाजींचे दोन्ही डोळे राहिले असते. पाठ करून मार खाणं मी एकदा केलं. ते आता पुन्हा नाही. कुणीही, कोणत्याही राज्यात, आमचं माणूस मागायला दारात आला, तर मी समोरून मारीन. आणि पहिला मारीन.