त्या गाठीचं नाव

"सिस्टर, तुमच्या हिरेमठबाई गेल्या की…" जीपमधून उतरता उतरता ड्रायव्हरनं सांगितलं आणि सोलापूरहून आणलेलं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. वैरागचा बाजाराचा दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांना टोचता टोचताच मी ती चार ओळींची बातमी वाचली. 'परिचारिका-शिक्षिका गिरिजाबाई हिरेमठ यांचे अल्पशा आजाराने निधन.' त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं, अक्कलकोटला त्यांच्या बहिणीला भेटून आले, पण त्या 'अल्पशा'चा राग काही उतरत नाही. चौदा महिने बाई झिजत होत्या. अल्पसा कुणाच्या हिशोबानं? आणि आजाराला नाव नव्हतं काय? ज्या बाईनं उभी हयात आजाराचं नाव नीट उच्चारायला शिकवलं, तिच्या मरणाच्या बातमीतून नेमकं तेवढंच गाळलं!

मी माढ्याकडची. नर्सिंग शिकायला सोलापूरला आले तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीपुढं जाता यायचं नाही. वर्गात निम्म्या मुली माझ्यासारख्या खेड्यातल्या, काही विणकरांच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या. बाई स्वतः लिंगायत, घरी कानडी. त्यामुळं कुणाच्याही बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत. लिंफचा धडा आला त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "पायात काटा मोडला, जखम चिघळली, तर जांघेत काय येतं?" मी दबकत म्हणाले, "अवधाण…" मागच्या बाकावरून हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. "हीच ती लिंफची गाठ. तुझ्या आईला जी ठाऊक आहे, तीच पुस्तकात आहे. खरचटल्यावर रक्त थांबतं आणि मग चिकट पाणी सुटतं, बघितलंय ना? तसलं पाणी अंगभर फिरत असतं. वाटेत या गाठी बसलेल्या. घाण आली की अडवतात, म्हणून सुजतात." मग प्लीहेला पाणथरी, मानेतल्या क्षयाच्या गाठींना गंडमाळ असं करत करत फळा भरला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण ही परीक्षा पास होऊ.

नाही झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या आणि आणखी दोघींच्या पेपरात 'अवधाण' आणि 'पाणथरी'वर लाल रेघ मारली होती. बाई आम्हाला घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"उत्तर चुकलंय का, सर?"

"उत्तराचं सोडा. हे अडाणी शब्द आहेत."

"अडाणी नाहीत, आजाऱ्याच्या तोंडचे आहेत. या मुलींना उद्या आजाऱ्याशीच बोलायचंय."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. आम्ही तिघी सहा महिन्यांनी पुन्हा बसलो.

पुढं मराठीतले नवे शब्द आले. लिंफला लसीका, मग प्रतिपिंड, प्रतिजन असे. बाई त्यांच्यावर रुसल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. उलट हौसेनं पाठ करून घेतले. म्हणायच्या, नवा शब्द शिका, पण पेशंटसमोर त्याला एकटा सोडू नका. आणि तसं सोडल्यावर काय होतं तेही आम्ही वॉर्डात बघितलं. एका बाईची सात वर्षांची मुलगी, मानेला गाठी. तरुण डॉक्टर म्हणाले, "लसीका ग्रंथींना सूज आहे," आणि पुढच्या खाटेकडं वळले. त्या बाईला ऐकू आलं ते 'लस'. मुलीला मागल्याच महिन्यात शाळेत टोचलेलं. ती पोरीला घेऊन तशीच निघून गेली, क्षयाचं औषध न घेता. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा पोरीची मान फुटून वाहत होती, आणि धाकट्याला तिनं टोचूच दिलं नव्हतं. "लशीनंच गाठी आल्या म्हनले की डाक्टर," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी काय बहिरी हाय व्हय?"

पोरगी वाचली, मानेवर वण घेऊन. बाईंनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. पेशंटला कळेल असं सांगणं हाही उपचारच आहे, एवढंच मागणं. उत्तर एका ओळीचं आलं… रुग्णांच्या अज्ञानास रुग्णालय जबाबदार नाही. बाईंनी ते आम्हाला वर्गात वाचून दाखवलं. "अज्ञान कुणाचं ते तुम्हीच ठरवा," म्हणाल्या आणि खडू खाली ठेवला.

आणि मग गाठ त्यांच्याच मानेत आली. त्यांनीच चाचपली, त्यांनीच दाखवली. तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला तो डॉक्टरांनी व्हरांड्यात त्यांच्या भावाला इंग्रजीत सांगितला. बाईंना म्हणाले, "काही नाही, साधी सूज आहे. विश्रांती घ्या." ज्यांच्याकडून वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस ती गाठ शिकल्या, त्यांना! भाऊ देवभोळा, प्रेमळ माणूस. त्यालाही वाटलं, न सांगणं म्हणजे माया. चार महिने असे गेले. बाई विचारत राहिल्या, लोक हसून विषय बदलत राहिले.

मी वॉर्डात भेटायला गेले तेव्हा त्यांनी उशीला टेकत सरळ सांगितलं, "कमल, नर्सच्या टेबलावर माझा केसपेपर आहे, मला कुणी दाखवत नाही. आण आणि वाच."

मी आणला. वाचला.

"सूज आहे, बाई…"

"अव्वा, तुला कोणी शिकवलं?" लेकीला कानडीत हाक मारावी तसं बाई मला अव्वा म्हणायच्या.

मग मी म्हणाले, "लसीका ग्रंथींचा कॅन्सर." आणि सवयीनंच पुढं म्हणाले, "अवधाणाच्या गाठी असतात ना, त्यांचा."

बाईंनी केसपेपर माझ्या हातून घेतला. रडल्या नाहीत. "तुकडा काढला तेव्हाच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण शंका म्हणजे कळणं नव्हे. चार महिने खोटं बोलले गं सगळे. ते चार महिने माझे होते."

दुसऱ्याच आठवड्यात त्या हट्टानं बहिणीकडं अक्कलकोटला गेल्या. अंगणात बसल्या, कानडीत मनसोक्त भांडल्या, होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, खाल्ली. हेच त्यांना आधी करायचं होतं. शोकसभेत त्याच डॉक्टरांनी बाईंच्या 'निरलस सेवेचा' गौरव केला. मी मध्येच उठून आले. चुकलं असेल, पण बसवेना.

बाईंची एक सवय सांगायची राहिली. त्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून कधी बोलल्या नाहीत. स्टूल ओढायच्या, पेशंटच्या उशाशी बसायच्या, मग तोंड उघडायच्या. गेल्या बुधवारी एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिच्या काखेत गाठ, सोलापूरचा रिपोर्ट त्याच्या खिशात. मला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "तिला काय सांगू नगा, सिस्टर. भिईल." माणूस वाईट नव्हता. मी त्याला म्हटलं, तुम्हीही या. आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. गाठीचं पुस्तकातलं नाव सांगितलं, तिच्या घरातलं सांगितलं, पुढं काय करता येईल आणि काय येणार नाही तेही सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग नवऱ्याकडं वळली.

"तुमाला ठाव हुतं व्हय?"

त्याचा हात खिशातल्या रिपोर्टवर गेला. तिनं डोळे पुसले, हात पुढं केला आणि म्हणाली, "आना तो कागूद हिकडं. माजा हाय."